ओसरीवरून : भरल्या पानावरचे पाहुणे

आमच्या घरात एक जुना दंडक आहे. जेवावयास बसलेल्या माणसास, मग तो घरचा असो की दारचा, भरल्या पानावरून उठवावयाचे नाही. दारात सावकार उभा राहिला तरी त्याने ओसरीवर पाणी पीत बसावे. पोराने कितीही मोठा अपराध केलेला असो, त्याची चौकशी त्याने आचवल्यावर व्हावी. हा दंडक आम्ही बाळपणापासून पाळीत आलो आहो. आणि गेल्या चैत्रातील एका रविवारी सकाळी आम्हीच तो लागोपाठ चार वेळा मोडला. ज्यांस उठविले ती माणसे नव्हती, एवढाच काय तो आमचा बचाव. तो कितपत टिकण्याजोगा आहे हे वाचकांनीच ठरवावे, म्हणून ही हकीकत त्यांच्यापुढे ठेवीत आहो.

आमचा पुतण्या अमरावतीस महाविद्यालयात शिकतो. पहिल्या वर्षी तो चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला म्हणून आमच्या वडील बंधूंनी त्यास एक कॅमेरा व त्याला लावावयाची हातभर लांब लेन्स घेऊन दिली. तिची किंमत मातोश्रींपासून अद्याप गुप्त आहे, आणि ती येथेही सांगता येत नाही. कारण हा अंक त्या वाचतात. सुट्टीत घरी आल्यावर दोन दिवस चिरंजिवांनी अंगणातील चिमण्या, तुळशीवृंदावन, आणि वहिनींनी वाळत घातलेल्या कुरडया यांची छायाचित्रे काढली. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना तो आम्हांस म्हणाला, "काका, एकबुर्जीला समुद्रकिनाऱ्यावरचे पक्षी उतरले आहेत. उद्या पहाटे चला."

आम्ही हसलो. वाशीमपासून समुद्र सुमारे दीडशे कोस. तेथील पक्षी येथे कशास येतील? परंतु हसण्याचे कारण आमचे अज्ञान होते, हे दुसऱ्या दिवशी कळून आले. ज्या पक्ष्यांस किनाऱ्यावरचे म्हणतात त्यांस खारे पाणी किंवा लाटा लागतातच असे नाही. त्यांस लागतो मऊ गाळ, आणि त्या गाळावर दोन-चार बोटे पाणी. समुद्राला ओहोटी लागली की असा गाळ उघडा पडतो. आपल्याकडे समुद्र नसला तरी ओहोटी आहे. फक्त ती दिवसातून दोनदा न लागता वर्षातून एकदाच लागते. पावसाळ्यात तुडुंब भरलेले धरण शेतांना व नळांना पाणी देता देता माघ-फाल्गुनापासून खाली बसू लागते, आणि चैत्र-वैशाखात त्याचा तळ हळूहळू उघडा होतो. त्या जमिनीत आपले शेतकरी गाळपेर करतात. गाळपेरीच्याही खाली, जेथे अजून पाय रुततो असा जो ओला पट्टा राहतो, तेथे डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या तांबड्या अळ्या, कृमी आणि बारीक गोगलगायी यांची दाटी असते. वाशीम शहरास पाणी पुरविणाऱ्या एकबुर्जीच्या धरणावर असा पट्टा आहे, कारंज्याजवळच्या अडाण धरणावर आहे, आणि रिसोडावरून जिल्ह्याची शीव ओलांडून गेल्यास, २०२० साली रामसर यादीत गेलेल्या लोणारच्या सरोवराकाठीही आहे. हाच आमचा समुद्रकिनारा.

आम्ही धरणावर पोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. पाण्याच्या कडेने शंभर-सव्वाशे लहान पक्षी, मातीच्याच रंगाचे, इतक्या लगबगीने चोची मारीत होते की दुरून पाहणाऱ्यास चिखलच हलत आहे असे वाटावे. त्यांच्यामध्ये थोडे उंच, पाठीवर पांढरे ठिपके असलेले आणखी काही पक्षी शेपटी हलवीत चालत होते. तांबड्या काड्यांसारख्या पायांचे शेकाटे मात्र आमच्या ओळखीचे निघाले, आणि टिटवीने तर आम्ही गाडीतून उतरताच ओरडून सगळ्या धरणास वर्दी दिली. पुतण्या पोटावर पालथा पडला आणि त्याने वीस-पंचवीस छायाचित्रे घेतली. मग ती कॅमेऱ्याच्या पाठीवर पाहून त्याचे तोंड उतरले. "सगळे खाली मान घालून आहेत," तो म्हणाला. "काका, तुम्ही त्या बाजूने जरा चालत या. म्हणजे थवा उठेल. ऊन समोरून आहे, पंख उजळून निघतील."

आम्ही चालत गेलो. पक्षी थोडे पुढे धावले, पण उठले नाहीत. म्हणून आम्ही टाळ्या वाजविल्या. तेव्हा सगळा थवा एकदम उठला, पाण्यावरून एक वळण घेतले, आणि त्या वळणात त्या सर्वांची पांढरी पोटे एकाच क्षणी उन्हात चमकून दुसऱ्या क्षणी काळवंडली. ते दृश्य फार सुंदर होते, हे आम्ही नाकारीत नाही. थवा फिरून परत आला, बसला, चोची मारू लागला. आणि पुतण्याने पुन्हा हात वर केला. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी थवा परतला नाही. तो पाणी ओलांडून पलीकडच्या काठास, जेथे मासे धरणाऱ्यांची माणसे जाळी सारखी करीत होती, तिकडे गेला आणि तेथेही न बसता दिसेनासा झाला.

जवळच गाळपेरीत काकडीच्या वेलांस पाणी देत एक शेतकरी उभा होता. तो आमच्याकडे बराच वेळ पाहत असावा. आम्ही परत फिरलो तेव्हा तो म्हणाला, "काहून उठवता जी त्याइले? आताच तं बसले होते." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरोखरच त्यास कारण हवे होते. आमच्याजवळ ते नव्हते.

संध्याकाळी घरातील सर्व मंडळी जमली असता ती छायाचित्रे दूरदर्शनच्या मोठ्या पडद्यावर लावण्यात आली. उडत्या थव्याचे चित्र आले तेव्हा वडील बंधूंच्या तोंडून "वा!" निघाले, मुलांनी टाळ्या पिटल्या, सूनबाईंनी ते तत्काळ आपल्या माहेरी पाठवून दिले. एका छायाचित्र-स्पर्धेस ते पाठवावे असेही ठरत आले. मातोश्रींनी चष्मा पुसून घेतला व चित्र नीट पाहिले. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे सगळे एकदम का रे उडाले?"

"काकांनी टाळ्या वाजविल्या, आजी."

"आणि त्याच्या आधी काय करीत होते?"

"खात होते."

"म्हणजे भरल्या पानावरून उठविलेत," एवढेच म्हणून आमच्याकडे एकदा पाहून त्या वाती वळावयास बसल्या.

यावर वडील बंधूंनी आमची बाजू घेतली. ते म्हणाले, "पक्ष्यांचा उडणे हाच धर्म. ससाणा आला की ते उडतात, गुरे आली की उडतात. दिवसातून पन्नास वेळा उडणारा प्राणी चार वेळा अधिक उडाला तर त्याचे काय बिघडले?" हा प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित वाचकांच्याही मनात तो येईल. म्हणून आम्ही त्याचे उत्तर शोधावयाचे ठरविले. पुढील आठवडाभर पुस्तके चाळून व जाणत्यांस विचारून जे हाती लागले ते येथे देतो.

प्रथम, हे पाहुणे कोण? २०२५ च्या जूनमध्ये निवर्तलेले कै. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षीकोश' रचून आपल्या भाषेतील पक्ष्यांची नावे एकत्र केली, हे त्यांचे मराठी घरांवर मोठे उपकार आहेत. चिखलच हलतो आहे असे वाटावयास लावणारे ते चिमुकले पक्षी म्हणजे छोटे टिलवे. पाठीवर ठिपके असलेले ते ठिपकेवाले तुतवार. धावावे, थबकावे, टिपावे, पुन्हा धावावे अशी ज्याची चाल तो चिखल्या. शेकाट्या आणि टिटवी ही आपल्या घरचीच माणसे. टिलवा आणि ठिपकेवाला तुतवार मात्र परदेशचे. टिलव्याचे वजन सुमारे दोन तोळे, म्हणजे हातातील एखाद्या जाड गोठाइतके. याचे माहेर उत्तर ध्रुवाजवळच्या, झाड न उगवणाऱ्या बर्फाळ माळावर आहे. तेथे जून-जुलैत तो अंडी घालतो, पिले वाढवितो, आणि थंडी पडण्याच्या आत आफ्रिकेस व आपल्या देशास येतो. वाशीम सुमारे २० अक्षांशावर आहे. टिलव्याचे घर ७० अक्षांशाच्या आसपास. एका अक्षांशास १११ किलोमीटर धरून वाचकांच्या घरातील कोणत्याही शाळकरी मुलाने गुणाकार करून पाहावा. सरळ रेषेत गेले तरी साडेपाच हजार किलोमीटर होतात. आणि पक्षी सरळ रेषेत जात नाही.

हा प्रवास पक्ष्याच्या अंगात कोठून येतो? चरबीतून. एक भार चरबी तितक्याच वजनाच्या धान्याच्या पिठापेक्षा दुपटीहून अधिक शक्ती देते, हे आपल्या घरातील तूप खाणारी मंडळी जाणतातच. या पक्ष्यांच्या कित्येक जातींत निघण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत वजन निम्म्याने वाढते, काहींत दुप्पटही होते. काही जातींत तर ओझे कमी व्हावे म्हणून उड्डाणाच्या आधी पोटातील जठर व आतडी आकसतात. या साठ्याच्या बळावर काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणून पाणटिवळ्याच्या एका जातीचा दाखला देतात. २००७ साली अलास्काहून निघालेली एक मादी, अंगावर बसविलेल्या यंत्रामुळे जिचा मार्ग उपग्रहावरून कळत होता, कोठेही न उतरता साडेअकरा हजार किलोमीटरांहून अधिक उडून आठ दिवसांनी न्यूझीलंडास पोचली. २०२२ साली त्याच जातीच्या, अवघ्या काही महिन्यांच्या पिल्लाने अलास्काहून टास्मानियापर्यंत ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर काटले. आमचे टिलवे इतक्या लांब उड्या घेत नाहीत. ते थांबत थांबत, जेवत जेवत जातात. म्हणूनच त्यांस वाटेवरच्या प्रत्येक पंगतीची गरज अधिक.

आता वडील बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. पक्षी उडतो तेव्हा बसल्या जागेच्या कित्येक पट शक्ती खर्च होते, आणि जितका वेळ तो उडतो तितका वेळ खाणे बंद असते. म्हणजे नुकसान दुहेरी झाले: गाठीचे गेले ते निराळे, आणि मिळावयाचे राहिले ते निराळे. ससाणा आल्यावर उडणे हा त्यांच्या संसाराचा ठरलेला खर्च आहे. तो सहस्रावधी वर्षांपासून त्यांच्या हिशेबात धरलेला आहे. आम्ही केलेला खर्च त्यावर वरताण झाला. शिवाय एक गोष्ट आमच्या ध्यानात आधी आली नव्हती. टिलव्याचे पाय जेमतेम बोटभर लांब. त्याहून खोल पाण्यात त्यास उतरता येत नाही, आणि कोरड्या पडलेल्या गाळात चोच रुतत नाही. म्हणून एवढे मोठे धरण आपल्यास दिसत असले तरी त्याचे ताट म्हणजे पाण्याच्या अगदी कडेची दहा-बारा हात रुंदीची एक पट्टी. छायाचित्र घेणारा माणूस चालतो तो नेमका त्याच पट्टीवरून! फिरावयास येणारी मंडळी, गाडी पाण्यापर्यंत आणणारे हौशी लोक, मोकाट कुत्री, सर्वांची वाट तीच. आपण दोन घटका गंमत करून घरी येतो. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्यासारखे किती येऊन गेले हे पक्ष्यासच ठाऊक.

आणि वसंतातच ही गर्दी अधिक का, याचेही कारण आहे. हिवाळ्यात हे पक्षी धुळकट रंगाचे असतात. चैत्रात, परतीच्या वाटेवर असतानाच, ते लग्नाची वस्त्रे नेसू लागतात. टिलव्याच्या पाठीवर तांबूस झाक येते. सोनचिखल्याचे पोट काळे कुळकुळीत होऊ लागते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हाच काळ उत्तम. पक्ष्याच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत नाजूक, कारण आश्विनात वाटेत चार दिवस गेले तर बिघडत नाही, परंतु उत्तरेकडचा उन्हाळा दोन महिन्यांचाच असल्यामुळे चैत्रात मागे पडलेला पक्षी तेथे उशिरा पोचतो, आणि उशिरा घातलेल्या अंड्यांतील पिलांस वाढावयास वेळ उरत नाही. तेव्हा आमच्या टाळ्यांचा हिशेब एकबुर्जीस संपत नाही, हे उघड आहे. या पक्ष्यांचे दिवस आधीच चांगले नाहीत. जगातील जीवजातींच्या सुरक्षिततेची जी आंतरराष्ट्रीय यादी ठेवली जाते, तिच्यात २०२४ साली अशा स्थलांतरी किनारपक्ष्यांच्या १६ जाती पूर्वीपेक्षा अधिक धोक्याच्या वर्गात घालाव्या लागल्या.

सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या मार्गास मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तो तीस देशांवरून जातो. २०२० च्या फेब्रुवारीत स्थलांतरी प्राण्यांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद गांधीनगरास भरली, तेव्हा तिचे यजमानपद भारताने भूषविले. गांधीनगरचे यजमानपद सरकारने करावे. एकबुर्जीचे कोणी करावयाचे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकार या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत मारणे व पकडणे यांच्याबरोबर वन्य प्राण्यास हाकणे हाही शब्द घातलेला आहे. आमच्या टाळ्यांस न्यायालय काय म्हणेल हा वकिलांचा विषय. आमच्यापुरता तो शब्दच पुरे झाला.

हे सर्व आम्ही घरात वाचून दाखविले. वडील बंधू म्हणाले, "म्हणजे छायाचित्रे काढूच नयेत की काय?" हाही प्रश्न रास्त होता, आणि याचे उत्तर पुतण्यानेच शोधून काढले. इंग्लंडात रिचर्ड व चेरी कीर्टन नावाचे दोघे बंधू होऊन गेले. १८९५ साली त्यांनी पक्ष्यांच्या घरट्यांचा छायाचित्रांसहित ग्रंथ काढला. पक्षी न उडता जवळून दिसावेत म्हणून त्यांनी १९०० च्या सुमारास काय करावे? भुसा भरलेल्यासारखा दिसणारा एक पोकळ बैल तयार करविला व त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते तासन्‌तास उभे राहिले! ही हकीकत ऐकून मुले हसून लोळली. पण आम्हांस त्या दिवशीच्या धरणावरील एक गोष्ट आठवली. शेतकऱ्याची बैलजोडी पाण्यावर आली होती, ती टिलव्यांपासून वीस हातांवरून गेली, आणि एकही पक्षी उठला नव्हता. बैल खाली मान घालून, सरळ रेषेत, कोणाकडेही न पाहता चालतो. आम्ही मात्र टक लावून, थेट त्यांच्याच रोखाने चालत गेलो होतो. वाघही तसाच चालतो.

पुढल्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो, तो उजाडण्याच्या आधीच. गाळपेरीच्या बांधाशी, पाण्यापासून तीस पावलांवर, घरातील एक जुनी मातकट चादर चार काठ्यांवर ताणून आडोसा केला व त्यात दोघेही बसलो. त्या शेतकऱ्याची परवानगी आधी घेतली होती. त्याने काठ्याही दिल्या. आम्ही पक्ष्यांकडे जावयाचे नाही, येतील तर त्यांनी आमच्याकडे यावे, असा करार होता. पहिला तासभर काहीच आले नाही. आमचे गुडघे आखडले, डासांनी हिशेब चुकता केला, आणि चहाची आठवण तीव्र झाली. मग पाण्याच्या कडेने टिपत टिपत टिलवे सरकू लागले आणि इतके जवळ आले की कॅमेऱ्याशिवायही त्यांची चोच चिखलात शिलाईच्या यंत्रातील सुईप्रमाणे खालीवर होताना दिसली. एका टिलव्याने तांबडी अळी ओढली, ती धुतल्यासारखी पाण्यात हलविली आणि गिळली. मध्ये एकदा दलदलीवर घिरट्या घालणारा भोवत्या आला. थवा उठला, घड्याळ लावून पाहिले तेव्हा पुरते स्थिर होऊन खाऊ लागण्यास त्यास नऊ मिनिटे लागली. म्हणजे आदल्या रविवारी आम्ही एकट्यांनीच त्यांची अर्धी-पाऊण घटका नव्हे, चांगली दीड घटका बुडविली होती. दहा वाजता ऊन चढले, पक्षी सावकाश पलीकडे गेले, आणि मगच आम्ही आडोसा सोडला.

त्या दिवशीची चित्रे पहिल्या चित्राइतकी दिपविणारी नाहीत. त्यांत खाली मान घातलेले पक्षी आहेत, एक पायावर उभे राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेला एक तुतवार आहे, आणि चिखल पुष्कळ आहे. पण मातोश्रींनी झोपलेल्या तुतवाराचे चित्र दोनदा पाहिले व "हा दमला आहे हो," असे म्हणाल्या. आमच्या मते कोणत्याही स्पर्धेच्या परीक्षकाकडून याहून अधिक मिळत नाही.

ज्या घरांत मुलांच्या हाती कॅमेरे आले आहेत, आणि हल्ली दूरध्वनीतच कॅमेरा असल्यामुळे असे घर विरळा, त्यांस आमची काही विनवणी आहे. पाण्याच्या कडेने चालू नये, बांधावरून चालावे. पक्ष्याने खाणे थांबवून मान वर केली की तेथेच थांबावे, कारण ती त्याची नोटीस होय. दुसरी नोटीस तो देत नाही, उडून जातो. गाडी गाळात नेऊ नये. टिटवी व चिखल्या यांची अंडी याच दिवसांत उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची, खड्यांतच असतात. टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊस चांगला, असे आपल्याकडचे म्हातारे सांगतात, तेव्हा निदान पावसाच्या आशेने तरी ती तुडवू नयेत. आणि प्रत्येक चित्राखाली तारीख, जागा व पक्ष्यांची संख्या लिहावी.

हे शेवटचे काम सर्वांत मोलाचे आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत वाळी घालून त्यांचे मार्ग शोधण्यास १९२७ साली आरंभ केला, तो आपल्या मराठी धार संस्थानच्या महाराजांच्या साहाय्याने. पुढे १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. पूर्वी वाळ्यावरचा अंक वाचावयाचा तर पक्षी पुन्हा पकडला जावा किंवा मेलेला सापडावा लागे. आज पायातील रंगीत पट्टीवरील अक्षरे चांगल्या छायाचित्रात जिवंत, जेवत्या पक्ष्याच्या पायावर वाचता येतात. तो उठवावाही लागत नाही. एखाद्या वाचकाच्या मुलाने अशी पट्टी टिपून सोसायटीस कळविली, तर त्या एका साध्या चित्राची योग्यता आमच्या उडत्या थव्याहून शतपट होईल.

आपण ज्यास अतिथी म्हणतो त्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते, असा त्या शब्दाचा अर्थ शास्त्री सांगतात. हे पाहुणे त्या अर्थी अतिथी नव्हेत. ते आपली तिथी आपल्याहून चोख पाळतात. वाशीम हे वत्सगुल्म होते आणि येथे वाकाटकांचे राज्य होते तेव्हा एकबुर्जीचे धरण नव्हते, पण पैनगंगेच्या डोहांकाठचा गाळ होता, आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या चैत्रातही हे टिलवे त्यावर उतरत असले पाहिजेत. तेव्हापासून पाहुणे तेच आहेत. यजमान बदलत गेले, आणि सध्या ती पाळी आपल्यावर आली आहे.

असो. पहिल्या चित्राचे काय झाले, हे वाचक विचारतील. ते स्पर्धेस गेले नाही. वहिनींचे म्हणणे, काढलेले चित्र न पाठविल्याने पक्ष्यांचे बुडालेले जेवण परत येत नाही; आणि ते खोटे नाही. पुतण्याने त्यावर इतकेच सांगितले की, ते चित्र पाहून आणखी शंभरजण टाळ्या वाजवावयास जातील. या वादाचा निकाल घरात लागलेला नाही. मात्र ओसरीवरच्या कोनाड्यात, पंचांगाच्या शेजारी, एक नवी वही आली आहे. तीत पहिल्या पानावर पुतण्याच्या अक्षरात तारीख आहे, 'एकबुर्जी' असे लिहिले आहे, आणि पुढे 'छोटा टिलवा, सुमारे १२०' अशी नोंद आहे. तिच्या खाली त्याने आणखी एक रकाना आखला आहे : 'आपल्यामुळे किती वेळा उठले.' पहिल्या ओळीत तेथे ४ हा आकडा आहे, व दुसऱ्या ओळीत शून्य.